सहकारी सोसायटी आणि मावळातील भात-शेतकरी

सहकारी संस्थांमुळे खेड्यांची सांपत्तिक स्थिती सुधारते, हे वाक्य सभांतून इतक्या वेळा कानी पडते की, ते खरे आहे किंवा कसे हे तपासून पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. आमच्या मते ते वाक्य अर्धे खरे आहे. एकाच भोर तालुक्यात, एकाच कायद्याखाली, एकाच जिल्हा बँकेच्या पैशावर चालणाऱ्या दोन सोसायट्या घ्याव्यात. एकीची वसुली बिनबोभाट होते, गंगाजळी वाढते, गावाला तिचा आधार वाटतो. दुसरी केवळ दप्तरापुरती जिवंत असते. या भेदाचे कारण माणसांच्या स्वभावात शोधण्याची आपल्याकडे चाल आहे. अमुक गाव एकीचे, तमुक गाव भांडकुदळ, असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात आम्ही ते कारण पिकात आणि बाजारात शोधणार आहोत.

आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. सोसायटीच्या कर्जाचे इकरार, सातबाराच्या इतर हक्कात चढलेले बोजे आणि ते उतरविण्यासाठी आलेले अर्ज आम्ही पुष्कळ वर्षे हाताळले. आमची विद्या मराठी शाळेपुरती आहे, सबब अर्थशास्त्राचा मोठा सिद्धांत सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण कागदाला कागद लावून पाहण्याची सवय मात्र आहे, आणि जे दिसले ते येथे मांडीत आहो.

१. मागील हकीकत

सहकाराचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खाती व रोखे जाळले, आणि दख्खनच्या दंग्याला तोंड लागले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कायद्याने सावकाराचा हात आवरला खरा, परंतु शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी पैसा दुसरीकडून कोठून मिळावयाचा, याचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर पुण्याचे जिल्हा न्यायाधीश सर विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने शोधले. आपल्या शेजारच्याच पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढून पाहावी, अशी ती योजना १८८२ च्या सुमारास पुढे आली. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली, पण विलायतेतील भारतमंत्र्यांनी ती नाकारली. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा कोठे गावोगावी सोसायट्या उभ्या राहू लागल्या. आपल्या जिल्ह्याची मध्यवर्ती बँक १९१७ सालची आहे.

आपला मुलूख त्या वेळी भोर संस्थानात होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे त्या संस्थानचे पाच तालुके. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि ब्रिटिश मुलुखातील शेजाऱ्यांचा कायदा तोच आपला कायदा झाला.

सहकाराचा कायदा होऊन जवळजवळ पन्नास वर्षे लोटल्यावर रिझर्व्ह बँकेने साऱ्या देशाची पाहणी करविली. १९५१-५२ सालच्या त्या पाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकरी जे कर्ज काढतो त्यापैकी शेकडा ३.१ एवढेच सहकारी संस्थांकडून मिळते, आणि शेकडा सुमारे ७० सावकारांकडून, असे त्यात आढळले. समितीने याचे कारण सांगताना नुसत्या कर्जाकडे बोट दाखविले नाही. कर्ज एका हाताने व विक्री दुसऱ्याच हाताने होत असेल तर सहकार पांगळा राहतो. कर्ज, साठवण आणि विक्री ही एका साखळीत जोडली पाहिजेत, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. आमच्या समजुतीप्रमाणे आपल्या मावळाचे दुखणे याच जागी आहे.

२. माल कोणत्या वेशीतून जातो

वाचकांनी क्षणभर असा विचार करावा की, गावातून माल बाहेर जाण्याची एक वेस आहे. ज्या पिकाचा सारा माल एकाच वेशीतून जातो त्या पिकावर दिलेले कर्ज वेशीवरच वसूल करता येते. ज्या पिकाचा माल दहा वाटांनी जातो त्याचे कर्ज मागण्यासाठी दहा घरांचे उंबरे झिजवावे लागतात.

ऊस हे पहिल्या प्रकारचे पीक होय. तोडलेला ऊस घरात ठेवता येत नाही. तो लागलीच गाळपास गेला पाहिजे. कारखाना उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वजा करून उरलेली रक्कम सभासदास देतो. सभासदाच्या संमतीने अशी वजावट करण्यास कायद्याचीही मान्यता आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्षस्थानी बसवून प्रवरेचा कारखाना उभारला. १९५० साली तो सुरू झाला, आणि त्या भागात पुढे शाळा, महाविद्यालये, दवाखाने निघाले. साखरेच्या धंद्यातील नफा मुंबईच्या पेढीवर न जाता गावातच राहिला, हे त्याचे मुख्य कारण. आपल्या भोर तालुक्यातही निगडे येथे राजगड कारखाना शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिला.

दूध हेही त्याच जातीचे. सकाळी काढलेले दूध संध्याकाळपर्यंत थांबत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी १९४६ साली आणंद येथे जो दूध संघ काढला, तो याच गोष्टीवर मोठा झाला. आपल्या जिल्ह्याचा दूध संघ, ज्यास लोक कात्रज डेअरी म्हणतात, त्याचेही तत्त्व तेच.

आता भात घ्या. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे हा सारा भाताचा प्रदेश. भात वाळवून कणगीत भरले की वर्षभर टिकते. म्हणून ते कोणी खळ्यावरच व्यापाऱ्यास मोजून देतो, कोणी नसरापूरच्या बाजारी नेतो, कोणी गिरणीतून तांदूळ करून पुण्यातील ओळखीच्या घरी पोहोचवितो, कोणी पोरीच्या सासरी धाडतो. भाताला एक वेस नाही. त्यामुळे सोसायटीने भातासाठी दिलेला पैसा भाताबरोबर परत येत नाही. भाताच्या गावची सोसायटी दुबळी का, याचे पहिले उत्तर हे आहे. गावकरी अप्रामाणिक आहेत हे नव्हे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. एकच वेस असणे हे सोयीचे तसेच धोक्याचेही आहे. वेस बंद झाली म्हणजे सारा माल आत अडकतो. कर्जात रुतून बंद पडलेले व विकले गेलेले सहकारी साखर कारखाने महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले. तेव्हा वेस बांधावी, पण तिची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे सभासदांनी पाहत राहावे. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

३. नवे-जुने

भाताचा पैसा भाताबरोबर परत येत नाही, मग दरसाल वसुली होते ती कशी? आपल्या वाचकांपैकी बहुतेकांस हे ठाऊक आहे. छापून मात्र क्वचित येते.

डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली २०२१-२२ पासून तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याज पडत नाही. ही सवलत मोठी आहे. परंतु ती मिळविण्यास सारी मुद्दल एकदम भरावी लागते, आणि मग नवे कर्ज मिळते. कार्तिकात विकलेल्या भाताचा पैसा माघापर्यंत लग्नकार्यात, दवाखान्यात, मुलांच्या शिक्षणात गेलेला असतो. आर्थिक वर्ष संपत आले की तगादा सुरू होतो. मग शेतकरी आठ दिवसांपुरता कोणाकडून तरी पैसा उचलतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज मंजूर झाले की त्यातून उसनवारी परत करतो. यास लोक नवे-जुने करणे म्हणतात.

उदाहरणादाखल हिशेब करू. कर्ज ४०,००० रुपये. आठ दिवसांस शेकडा २ प्रमाणे उसनवारीचा आकार ८०० रुपये. शेतकरी म्हणतो, आठशेच तर गेले. पण आठ दिवसांस शेकडा २ म्हणजे वर्षाला शेकडा ९१ हून अधिक झाले. ज्या सावकारीच्या विरुद्ध सुप्याचे शेतकरी उठले, तीच सावकारी बिनव्याजी कर्जाच्या दारात आठ दिवस मांडी घालून बसते.

पैशाच्या हानीहून मोठी हानी दुसरीच आहे. सोसायटीच्या वहीत वसुली शंभर टक्के दिसते; परंतु तीत खळ्यावरून आलेला रुपया एकही नसतो. मुद्दल जन्मभर तीच राहते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो किंवा उसनवारी देणारा हात आखडतो, त्या वर्षी सारे गाव एकदम थकबाकीत जाते, आणि कालपर्यंत नमुनेदार म्हणून गणलेली सोसायटी एका रात्रीत बुडीत ठरते.

आम्ही नोकरीत असता एक गृहस्थ बोजा उतरविण्याचा अर्ज घेऊन आले होते. वडिलांच्या नावचा बोजा पुष्कळ वर्षांचा होता. आम्ही म्हटले, "आपण तर दरसाल भरणा करता, पावत्याही आहेत." ते म्हणाले, "भाऊसाहेब, भरतो दरसाल. फेडले कधीच नाही." सहकारी कर्जावरील इतकी नेमकी टीका आम्ही कोणत्याही अहवालात वाचली नाही.

४. खळ्यापासून बाजारापर्यंत

यावर उपाय काय? भातालाही एक वेस बांधणे, म्हणजे साठवण व विक्री सोसायटीच्या किंवा शेतकऱ्यांच्या संघाच्या हाती आणणे.

याची एक तयार वाट आहे, पण आपल्याकडे ती थोडेच लोक वापरतात. राज्याच्या कृषि पणन मंडळाने १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्जाची योजना चालविली आहे. तीत भाताचाही समावेश आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत रक्कम, शेकडा ६ व्याजाने, १८० दिवसांपर्यंत मिळते. म्हणजे सुगीत पडेल भावाने माल न विकता हाती पैसा येतो.

पुन्हा हिशेब करू. येथील भाव आम्ही केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे आकडे घालावेत. वीस क्विंटल भात, सुगीत भाव २,२०० रुपये, एकूण ४४,००० रुपये. वैशाखात भाव २,७०० झाला तर एकूण ५४,००० रुपये. माल तारण ठेवल्यास ३३,००० रुपये उचल मिळेल. ती घरी न नेता थेट सोसायटीच्या पीककर्जात भरावी. ४०,००० पैकी ३३,००० खळ्यावरच फिटले. उरलेले ७,००० दुधाच्या किंवा अन्य मिळकतीतून भरावे. उसनवारी नाही. वैशाखात विक्री झाल्यावर तारण कर्ज ३३,०००, सहा महिन्यांचे व्याज ९९० आणि हमाली, वाहतूक, घट यांचे सुमारे २,००० वजा जाता १८,०१० रुपये पेरणीच्या तोंडावर हाती उरतात, आणि नवे कर्ज वेगळे. दोन्ही वाटांचा मेळ घातला तर जुन्या वाटेने ४४,००० तून उसनवारीचे ८०० जाऊन ४३,२०० पडतात. नव्या वाटेने ५४,००० तून २,९९० जाऊन ५१,०१० पडतात. फरक ७,८१० रुपयांचा.

पण भाव वाढलाच नाही तर? तर नव्या वाटेने ४१,०१० पडतील, म्हणजे २,१९० रुपये तोटा. ही गोष्ट लपविणे योग्य नव्हे. म्हणून पहिल्या वर्षी सारा माल न ठेवता अर्धाच ठेवावा. शिवाय भात १४ टक्क्यांहून अधिक ओलीचे असेल तर गोदामात ते तापते व किडते. खळ्यावर दोन उन्हे जास्त देण्याचा कंटाळा करू नये.

याच्या पुढची पायरी गिरणीची. शंभर किलो भाताचा साधारणतः ६० ते ६७ किलो तांदूळ होतो. गिरणी जुनी असेल तर उतारा कमी आणि कणी जास्त. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला इंद्रायणी आणि आपला जुना आंबेमोहोर यांस पुण्याचे गिऱ्हाईक नावाने विचारते. नावाने विकला जाणारा तांदूळ आपण बिननावाच्या भाताच्या भावाने खळ्यावर देतो. चांगली गिरणी, चाळणी आणि पिशवीवर गावचे नाव, एवढे भांडवल एका सोसायटीस जड जाईल. पाच-सहा सोसायट्यांस मिळून जाऊ नये. त्यातून राहणारा नफा गावात राहतो. कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा गंगाजळीत टाकावा लागतो, आणि ती गंगाजळी पुढील वाईट वर्षी गावाचे रक्षण करते. खेड्याची उन्नती याच मार्गाने होते. कर्ज किती वाटले यावरून ती मोजू नये. मालाच्या किमतीतील किती हिस्सा गावात राहिला यावरून मोजावी.

५. ज्यांना विकावयास थोडेच आहे

वेल्ह्याच्या डोंगरकडेस पुष्कळ कुटुंबे अशी आहेत की, त्यांचे भात घरखर्चासच पुरत नाही, वर नाचणी-वरई. त्यांस तारण कर्जाची गोष्ट सांगणे म्हणजे उपाशी माणसास पंचपक्वान्नांची यादी वाचून दाखविणे होय. त्यांच्यासाठी वेस दुधाची आहे. एक चांगली म्हैस आणि दहा-पंधरा दिवसांनी हाती पडणारे बिल यांनी उसनवारीची गरज जितकी कमी होते तितकी वार्षिक कर्जाने होत नाही. मोठ्या खातेदारांनी हे आपले काम नव्हे असे समजू नये. सोसायटी एका सभासदास एक मत देते, मग त्याचे भाग दहा असोत की हजार. लहान सभासद थकबाकीत गेले म्हणजे बँक सोसायटीचा हात आखडते, आणि मोठ्या खातेदाराचेही कर्ज अडते.

६. दप्तर

आता किल्लीची गोष्ट. वर सांगितलेली प्रत्येक योजना जितकी मोठी, तितका सोसायटीच्या हातून जाणारा पैसा मोठा, आणि तितकी लबाडीला जागा मोठी. कायद्याने सभासदास शस्त्रे पुष्कळ दिली आहेत. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, भरविली पाहिजे. त्याच कायद्याच्या ३२ व्या कलमाने सभासदास सभेचे इतिवृत्त, तपासलेला ताळेबंद आणि आपल्या खात्याचा उतारा पाहण्याचा हक्क आहे. हक्क मागण्यास वकील लागत नाही. कार्यालयात जाऊन बसण्याचा अर्धा दिवस लागतो.

येथे आम्हांस आपलाच दोष सांगितला पाहिजे. एका वर्षी सोसायटीचा शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन आमच्या ओटीवर आला. सभा होऊन गेली होती, गणपूर्ती तेवढी भरावयाची होती. दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्या आम्ही चहाचा पेला हाती असताना न वाचता सही केली. पुढील तपासणीत खताच्या साठ्यात तूट निघाली. ज्या सभेत तो हिशेब मंजूर झाला म्हणून लिहिले होते, त्या सभेस हजर असलेल्यांत आमचे नाव होते. तूट कोणी केली हे चौकशीत ठरले असेल. ती होऊ कोणी दिली, याचे उत्तर आम्हांस ओटीवर बसूनच मिळाले. त्या तुटीने सोसायटीचे खतविक्रीचे काम पुढे बंद पडले, आणि गावच्या बायाबापड्यांना पोते आणण्यासाठी तालुक्याला गाडीभाडे भरावे लागले. सहकारी संस्थेचा खेड्याच्या अर्थस्थितीवर परिणाम होतो तो असा, दोन्ही बाजूंनी.

७. सुगीपूर्वी करावयाचे

लेख लांबला, आता आवरतो. वाचकांस आमची विनंती इतकीच की, येत्या सुगीपूर्वी आपल्या गावी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, आपल्या सोसायटीच्या मागील वर्षाच्या वसुलीपैकी किती रुपये पिकाच्या विक्रीतून आले आणि किती नवे-जुने होऊन आले, हे सचिवास व पंचांस सभेत विचारावे. आकडा लाजिरवाणा निघाला तरी तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. दुसरी, दहा खातेदारांनी मिळून निदान एका गाडीचे भात तारण ठेवून पाहावे, आणि वैशाखात त्याचा जमाखर्च चावडीवर वाचावा, मग नफा होवो की तोटा. तिसरी, वार्षिक सभेस स्वतः जावे, आणि वही घरी आली तर शिपायास चहा पाजून ती कोरीच परत पाठवावी.

ती सही केल्यापासून आम्ही स्वतः एकही सभा चुकविली नाही. पहिल्या वर्षी बाकावर अकराजण होतो.